फिक्या रंगाची टोपी

सासूबाई, पाया पडते.

नदीपलीकडच्या छावणीत आम्ही सुखरूप आहोत. तांदूळ मिळतो, छप्पर गळत नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमच्या नातवाला, लेंगला, थोडा ताप आहे. काळजी करू नका, नववाच दिवस आहे.

चूक माझीच. इथली गिऱ्हाइकं आपल्या भरतकामात फिके रंग मागतात. तसली एक टोपी उरली, ती मी त्याला घातली. थोरल्या जाऊबाई कडाडल्या, "अगं, लाल-पिवळ्या टोपीतलं पोर भुतांना फूल वाटतं, म्हणून ती पुढे जातात. हे तर सरळ पोरच दिसतंय!" मी हसले. संध्याकाळी अंग तापलं.

परक्यांच्या आवडीपायी आपण आपले रंग सोडायचे? कदापि नाही! लग्नाच्या घागऱ्याचा लाल दोरा उसवून मी नवी टोपी भरते आहे. पण टाके वाकडे पडतात.

अंडं आणि उदबत्ती ठेवून त्याच्या अंगातून भटकलेल्या आत्म्याला तीनदा हाका मारल्या. तो आला नाही. त्याच्या जन्मावेळची वार तुम्हीच तिकडच्या घराच्या मधल्या खांबाखाली पुरलीत, तिकडेच गेला असेल. पत्र मिळताच दार उघडून त्याला नावानं हाक मारा. आला तर लाडानं ठेवून घेऊ नका. त्याला नदीची वाट दाखवा.

तुमची सून,
पाकू