दादाला ऐकू न येणारा बेल्ट

४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं शेजाऱ्यांना फुकट ऐकायला मिळतं, म्हणून हे पत्र.

तू मला दिलेली गाडी किंचाळायला लागली आहे. सकाळी शिवलेले गणवेश पोचवायला निघते, चावी फिरवते, की बॉनेटखालून असा आवाज निघतो की समोरच्या बिऱ्हाडाच्या खिडक्या पटापट उघडतात. आमच्या ह्यांचा उपाय म्हणजे रेडिओ मोठा करणं. इथला गॅरेजवाला म्हणाला, गाडीचं वय झालं, भंगारात द्या. मला काही ते पटलं नाही.

आणि हे काय ऐकते आहे मी? वहिनी लिहिते की महिनाअखेरीस तू गॅरेजमधली सगळी हत्यारं विकणार आहेस. अरे, ज्या पान्यांना हात लावला म्हणून लहानपणी माझी वेणी ओढायचास, ते पाने परक्याला देणार? आधी माझी गाडी बरी कर, मग काय विकायचं ते विक.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने लिहिलं ते खरं आहे. एकतीस तारखेला एकजण हत्यारं न्यायला येतो आहे. चाळीस वर्षं मी कानाने गाड्या दुरुस्त केल्या. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची गाडी चालूच होती आणि मी पुन्हा स्टार्टर मारला. खर्रकन स्टार्टरचे दात घासले म्हणे. मला ऐकूच आलं नाही, पण गिऱ्हाइकाचं तोंड दिसलं. त्याच दिवशी शटर ओढलं. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याने मेकॅनिक म्हणवून घेऊ नये. तेव्हा मला विचारून काही उपयोग नाही.

पण वय झालं म्हणून भंगारात, हे त्या शहाण्याला कोणी शिकवलं? आवाज बेल्टचा असणार. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पुल्यांवरून, म्हणजे छोट्या चाकांवरून, फिरतो तो रबरी पट्टा. आवाज सतत येतो की थोड्या वेळाने थांबतो? दिवे लावले की वाढतो का? बेल्टची आतली बाजू चकाकते का? इंजिन बंद करून बघ आणि सगळं बैजवार लिही. मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सुखी राहा, खुशाली कळवत जा.

दादा

१३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

हात लावून झाला आहे. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच. आधी पोटभर रागावून घे, मग पुढे वाच.

कुरकुरेल त्याला तेल, हे आम्हा शिवणकामवाल्यांचं पहिलं शास्त्र. शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेतली आणि बेल्टला छान चोपडलं. दोन मिनिटं गाडी अगदी शहाण्यासारखी गप्प. मी ह्यांच्याकडे काय ऐटीत बघितलं! मग चौकात तिने अशी किंकाळी फोडली की पोलिसाच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

आता तुझे प्रश्न. तेलाच्या आधी आवाज सकाळी पाच मिनिटं यायचा, मग थांबायचा. दिवे लावले की वाढायचा. बेल्ट आतून काचेसारखा गुळगुळीत आहे, आणि त्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजली आहे. हे तू विचारलं नव्हतंस, मीच पाहिलं. कापडाची कड बघून बघून सवय झाली आहे.

रागावलास तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

धाकटी

१७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आज अनेक नाहीत, एकच.

बेल्टला तेल! अगं बये, पुलीला घट्ट धरून ठेवणं हेच त्याचं काम, आणि तू त्याचे हात तेलकट केलेस. तो बेल्ट गेला. पुल्या साबणाने स्वच्छ करून नवा बसवून घे.

पण एकच कड झिजली आहे, हे लिहिलंस ते सोन्यासारखं. रात्रभर तेच डोक्यात होतं. नवा बसवूनही आवाज आला तर इंजिन चालू ठेव, लांब उभी राहा आणि बेल्टवर थोडं पाणी उडव. आवाज वाढला तर बेल्ट ढिला. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. मग इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून, कापड आखायची तुझी लांब लाकडी पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर आडवी धर. फट कुठे दिसते ते लिही. पदर खोचून जा.

दादा

२३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. हे म्हणाले, नको लिहूस, त्याचं मन मोडेल. पण तुझ्याशी लपवाछपवी मला कधी जमली आहे का?

नवा बेल्ट बसवला. किंकाळी गेली, पण चिक चिक चिक असा ठेक्यात आवाज सुरू झाला. पाणी उडवलं. क्षणभर गप्प, पुन्हा चिक चिक. पट्टी धरली तर वीज करणाऱ्या डायनामोच्या पुलीपाशी नाण्याच्या जाडीएवढी फट! गॅरेजवाल्याने डायनामो सोडवला. एक वॉशर बोल्टच्या बाहेरच्या बाजूला हवा होता, तो आत बसला होता, म्हणून पुली रेषेबाहेर सरकली होती. तो बदलला आणि गाडी एकदम शांत. गॅरेजवाला तोंडात बोट घालून उभा. म्हणाला, हे निदान करणारा माणूस मला दाखवा.

दादा, तो डायनामो तीन वर्षांपूर्वी तूच बसवला होतास. त्यानंतर त्याला कोणीच हात लावलेला नाही.

आता हवं तेवढं बोल, पण अबोला धरू नकोस.

धाकटी

१ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग एकदम हसू फुटलं. तुझी वहिनी घाबरून धावत आली. अगं, तीन वर्षांपूर्वी माझे दोन्ही कान धडधाकट होते! तेव्हा वॉशर उलट्या बाजूला घातला आणि मला पत्ताही लागला नाही. आणि आज ठार बहिरा, गाडी तिकडे, मी इकडे, तरी स्वतःचीच चूक पोस्टाने पकडली!

काल हत्यारं न्यायला तो माणूस आला. विकायची नाहीत, असं मी सांगितलं. तो बराच वेळ हातवारे करून बोलत होता, फार चांगलं नसावं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा एवढा फायदा मला आजवर झाला नव्हता.

आज शटर उघडलं. दारावर पाटी लावली आहे: गाडीला काय होतं ते कागदावर सविस्तर लिहून द्यावे. पहिल्याच गिऱ्हाइकाने चार पानं लिहून दिली. त्यात दीड पान बायकोची तक्रार होती. तेवढं सोडून बाकीच्याचं निदान केलं, आणि बरोबर निघालं.

हे तुझ्यामुळे झालं. तोंडाने कबूल करायचा माझा स्वभाव नाही, म्हणून लिहून देतो. पत्र जपून ठेव, पण वहिनीला दाखवू नकोस.

तुझा,
मेकॅनिक दादा