सिलबान गाव मिटवायला गेलो त्याची हकिगत

प्रिय अकुलीनाताई,

धाकट्या गाव्रीलचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? याकुत्स्कच्या चौथ्या मजल्यावर चढउतार करण्यापेक्षा इकडेच ये, इथे जिनाच नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त उजव्या कानाचं टोक काळं पडलंय (डॉक्टरीणबाई म्हणतात, गळणार नाही बहुतेक).

जुने जिल्हाप्रमुख आजारी पडल्यापासून जिल्हा माझ्या हाती आहे. हाती म्हणजे, भिंतीवर नकाशा आणि त्याच्यासमोर माझी खुर्ची. नकाशाच्या एका टोकावरचं बोट दुसऱ्या टोकाला न्यायचं तर मला उठून चालावं लागतं, आणि एवढ्या मुलखातली माणसं मात्र तुमच्या एका गल्लीत मावतील. तर वरून हुकूम आला की सिलबानमध्ये मोजकीच घरं उरलीत, शाळा आणि वीज बंद करा, माणसं इकडे जिल्ह्याच्या गावी हलवा. तो ऐकवायला मी जातीनं निघालो. (नवे बूट घातले होते. ते आता नदीत आहेत.)

गोठलेल्या नदीवरून गाडी चालली होती. एका वळणावर बर्फाचा रंग बदलला. ड्रायव्हर प्रोकोपीनं विचारलं, सरळ घेऊ की वळसा? मी म्हणालो, सरळ घे, जिल्हा आपलाच आहे. पुढचं चाक गेलं, मग बर्फावर चढलेलं पाणी आत आलं, मग आम्ही टपावर. तिथून आम्हाला उतरवलं ते सिलबानच्या दारियानं. ती रेनडिअर राखते. तिनं दोर फेकला, ओढून घेतलं, स्वतःचे जास्तीचे लोकरी बूट दिले आणि घसरगाडीवर बसवून विचारलं, "आमच्याकडे कशाला, साहेब?" मी म्हणालो, सरकारी काम. पायात तिचे बूट असताना जास्त सांगवेना.

टेकडीवर चढलो आणि ताई, तिथे थांबावंच लागलं. रानटी रेनडिअर उत्तरेला निघाले होते. आधी वाटलं जमीनच सरकतेय. मग खुरांचा कटकट आवाज आला, श्वासांचा ढग आला, आणि आभाळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जनावर. सूर्य डावीकडून उजवीकडे गेला तरी कळपाचं शेपूट दिसेना. मी नकळत टोपी काढली (कान तेव्हाच गेला). या सगळ्याचा प्रमुख मी आहे, असं माझ्या कागदांवर लिहिलेलं असतं. त्या रेनडिअरांतल्या एकानंही मान वळवून बघितलं नाही. दारिया मात्र आपले पाळीव रेनडिअर घट्ट धरून त्यांना शिव्या घालत होती, "जा ना, जा त्या भटक्यांबरोबर! हिवाळ्यात मीठ चाटायला याल तेव्हा बघते!"

संध्याकाळी शाळेत सभा भरली. सगळं गाव आलं, तरी बाकं उरली. मी हुकूम वाचला. फेव्रोन्याआजी तेवढी उठली आणि म्हणाली, "पोरा, आम्ही उठून तुझ्याकडे आलो, तर इथून तिथपर्यंत कोण राहील?"

"कुणी नाही, आजी."

"मग तू प्रमुख कुणाचा?"

सगळे हसले. मीही हसलो, पण दुपारी पाहिलेलं डोळ्यांसमोरून हलेना. एवढ्या अफाट पसाऱ्यात रात्री पेटणारे ते चार दिवे विझवायचे, आणि ते मी? हात उठेना, ताई. हुकूम घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, गाव राहील. त्यांनी मला उचललं. (छत बुटकं आहे. टेंगूळ अजून आहे.)

तुझा धाकटा,
गाव्रील

ता. क. हुकुमावर वरून सही कुणाची आहे, ते मी सभेत पाहिलंच नव्हतं. घरी येऊन पाहिली. ताई, सही दाजींची आहे. जेवण झाल्यावर, चहा देताना, गोड बोलून तेवढा हुकूम मागे घ्यायला लाव.

आणखी ता. क. दाजींनी तो कालच मागे घेतला, असं मी सही पाहिल्यावर रेडिओवरून गावाला सांगून बसलोय. त्यांच्या नावानं रेनडिअर कापून सगळे जेवले, शाळेलाही त्यांचं नाव दिलं. आता नाहीच म्हणायचं असेल, तर फेव्रोन्याआजीला तोंडावर सांगायला त्यांनी स्वतः यावं. बूट दोन जोड आणावेत.