अकरा हातांची सभा

४ फेब्रुवारी

चि. ढब्ब्यास, अ. उ. आ. (त्यातला एक राखून ठेवलाय, काम झाल्यावर मिळेल.)

तुझ्या आत्याला चर्चनं काढून टाकलंय. एकतीस वर्षं ऑर्गन वाजवला, आता एका ओळीच्या पत्रानं मी मंडळीची कुणी नाही.

गुन्हा खरा आहे, लपवत नाही. आठ दिवसांपूर्वी, रविवारी, पाळकांचा उपदेश पन्नास मिनिटांच्या पुढे गेला. शेवटचा मुद्दा, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझा धीर सुटला. मी समारोपाचं गीत वाजवायला घेतलं. मंडळी इतक्या झटकन उभी राहिली की सगळे वाटच बघत असावेत. पाळकांचं तोंड उघडं ते उघडंच.

काल रविवारी मी नेत्रशिबिरात डोळे दाखवायला गेले होते. तेवढ्यात उपासनेनंतरच्या चहाला अकरा जणांनी सभा भरवली, हात वर केले आणि मला काढलं. त्याच बैठकीत पाळकांची मुदतही पाच वर्षांनी वाढवून घेतली. एका चहात दोन कामं!

हसू येतं, पण माझ्या यजमानांच्या, तुझ्या मामांच्या, कबरीशेजारची जागा फक्त सभासदांनाच मिळते. ते तिथं एकटे आणि मी भलतीकडे, हे मला चालायचं नाही. कायद्यात यावर काही आहे का?

तुझी,
बेवारस आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्याच्या चरणी शि. सा. न. वि. वि. (चरण सध्या पेडलवर नाहीत, म्हणून निर्धास्तपणे.)

पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचलं. टायपिस्टबाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या.

आता कामाचं ऐक. तू वाजवलंस ते पाप की पुण्य, यात कोर्ट पडत नाही. देवाचा कारभार कोर्टाच्या अखत्यारीत नाही. पण चर्चनं स्वतःच लिहिलेले नियम पाळले का, एवढं कोर्ट नक्की विचारतं. नियमांचं पुस्तक मिळव. नोटीस किती दिवसांची हवी, किती सभासद हजर हवेत, आरोप असलेल्याचं म्हणणं ऐकायचं का, हे बघ. त्यात अपिलाची सोय असेल तर आधी तिथे अर्ज कर, नाहीतर मधली पायरी गाळली म्हणून कोर्ट आपल्यालाच परत पाठवेल.

आणि तोवर कृपा करून कशावरही काही वाजवू नकोस, टेबलावरसुद्धा.

तुझाच,
ढब्ब्या (या नावानं वकीलपत्र भरता येत नाही, हे लक्षात असू दे)

२ मार्च

चि. ढब्ब्यास, आधीच्यातले उरलेले आशीर्वाद.

पुस्तक सापडलं! हॉलमधलं कपाट डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली सरकवलं होतं. चर्चचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे शिंपी, कपाट उचलून धरून उभे राहिले आणि मी ते ओढून काढलं.

एकोणिसावा नियम वाच. चौदा दिवस आधी लेखी नोटीस, आरोप काय ते कळवायचं, सभासदाला बोलू द्यायचं आणि एक तृतीयांश सभासद हजर. आम्ही एकशेवीस, म्हणजे चाळीस हवेत. होते अकरा, आणि त्यातला एक शिंप्यांचा पाहुणा, बिस्किटांसाठी थांबलेला.

नियमात आहे तसं चर्चच्या पंचांकडे लेखी अपील केलं. पाळक म्हणाले की देवाच्या घरात देवाचा नियम चालतो, कागदाचा नाही. मी विचारलं की मग या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सही कुणाची आहे. सही त्यांचीच होती. अपील तरीही फेटाळलं.

कर दावा. मात्र नुसतं मला परत घ्या असं मागू नकोस, ती सभाच खोटी होती, ती रद्द करा असं माग.

तुझी आत्या

२० जुलै

ती. आत्यास कोर्टाच्या पायरीवरून सा. न.

जिंकलो! जज्जबाईंनी पलीकडच्या वकिलांना नोटीस दाखवायला सांगितली. ते म्हणाले की चर्चमध्ये तोंडी जाहीर केलं होतं, विश्वासू माणसांना तेवढं पुरतं. बाई म्हणाल्या की कोर्टाचा विश्वास जरा कमी आहे, त्याला कागद लागतो. कागद नव्हता.

सभाच रद्द झाली, त्यामुळे तुला काढणंही रद्द. आणि त्याच सभेतली पाळकांची मुदतवाढही गेली. जुनी मुदत केव्हाच संपलेली, म्हणजे आज ते कायद्यानं पाळक नाहीत. दोन्ही विषय सहा आठवड्यांत रीतसर सभेपुढे आणायचे आहेत. म्हणजे ते तुला पुन्हा काढू शकतात, या वेळी नियमानं. तेव्हा फार मिरवू नकोस.

तुझा ढब्ब्या

६ सप्टेंबर

चि. ढब्ब्यास, राखलेला आशीर्वादही देऊन टाकला.

सभा झाली. त्र्याण्णव जण आले. माझ्यावरचा आरोप वाचला, मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं की उपदेश थांबवल्याचं वाईट वाटत नाही, पण चारचौघांत माणसाची शोभा झाली, त्याची माफी मागते. ताकीद देऊन मला ठेवलं. मामांशेजारची जागा शाबूत आहे, घाई नाही.

मग पाळकांची मुदतवाढ. शिंप्यांनी हात मोजले. बाजूनं शेहेचाळीस, विरोधात शेहेचाळीस. मी अजून कुणासाठीच हात वर केला नव्हता. सगळा हॉल माझ्याकडे वळला. मामांच्या आजारात हा माणूस रोज येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा, ते आठवलं. तो वाईट नाही रे. पण आपल्याच सहीला जो जुमानत नाही, त्याच्या हाती आणखी पाच वर्षं माणसं द्यायची? मी विरोधात हात वर केला. खाली घेताना तो फार जड झाला होता.

काल त्यांच्या घरी गेले. चर्चचं घर सोडायचं म्हणून त्यांची बायको कपबशा बांधत होती, मी न विचारता बसले आणि मदतीला लागले. मग पाळकांनी दोरी आवळता आवळता विचारलं की माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. मी म्हटलं, चौदा दिवस थांबले असते, आणि तेवढ्यात माझा रागही उतरला असता. त्यांनी दोरीला गाठ मारली. त्यांची बायको मात्र हसली आणि तिनं माझ्यापुढे आणखी एक रिकामं खोकं सरकवलं.

लोभ आहेच, तो पुराव्यानिशी शाबीत करायला लावू नकोस.

तुझी आत्या