सशापुढची वाटी

गुरुवार, संध्याकाळ. मांडवी.

मी सांगत्ये, नात लिहित्ये. मनू, मध्ये शहाणपणा नको, सांगत्ये तस्सं लिही.

आज मनूच्या सशाचं, बंड्याचं, नसबंदीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला, पण काही खाईना. ससा उपाशी राहिला तर त्याचं पोटच बंद पडतं म्हणे. म्हणून ही दुपारभर कोथिंबिरीचं एकेक पान त्याच्या तोंडाशी धरून बसली. "खा रे राजा, एकच पान." माझ्या ऑपरेशननंतर मला कोणी राणी म्हटलं? पेजेची वाटी पुढ्यात सरकवलीन आणि मोबाइल घेऊन बसली. आता त्याच माझ्या वाटीत बंड्याचा पाला!

खरं सांगायचं तर सकाळी ती वाटी मीच उचलून फळीवर ठेवली. ऑपरेशनआधी मला नव्हतं का उपाशी ठेवलं? सशाला ठेवायचं नसतं, हे मनूने काल चारदा सांगितलं होतं. ऐकलंही होतं मी. तासाभराने मुकाट परत ठेवली. पण उचलली कशाला? मत्सर, दुसरं काय. ह्या वयात, सशाचा. आता तो खात नाही, तर मलाही घास जात नाही.

मनूचं पेन थांबलं. "आजी, हे लिहू?"

"लिही. दुसरा लिहिणारा कुठून आणू?"

लिहिलंन.

इतक्यात कोपऱ्यातून कुरकुर ऐकू आली. बंड्या पान चावत होता. मनू धावली, त्याला कुरवाळलंन, मग आत गेली. आली ती पेज घेऊन. मोबाइल नव्हता हातात. "खा गो राणी, एकच घास."

राग अजून आहे. पेजेत मीठ नाही. हेही लिही.