पटाश्यांची गवसणी

संत तुकाराम नगर, पिंपरी
शुद्ध प्रतिपदा

राजमान्य राजेश्री ज्ञानदेवराव व्याही, मुक्काम अंबाजोगाई, यांचे सेवेसी पिंपरीहून ज्योतीराम पांचाळ याचा आदरपूर्वक रामराम पोहोचावा. येथे मी, सौ. रुक्मिणीबाई, चि. नवनाथ आणि आपली कन्या चि. सौ. दीपमाला सर्व सुखरूप आहोत. आपला गुडघा, विहीणबाईंचा दमा आणि आपली म्हैस यांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. आपला पखवाज अद्याप दोन्ही वेळा चालू असल्याचे दीपमालेकडून समजले. शेजाऱ्यांची प्रकृती कशी आहे, तेही कळवावे. (विवाहप्रसंगी आपण पंगत उठेपर्यंत वाजवीत राहिलात आणि मी 'आता पुरे' असा निरोप धाडला, तो केवळ भाताची वाफ जाऊ नये म्हणून. त्यात कलेचा अनादर नव्हता, हे आज इतक्या वर्षांनी का होईना, स्पष्ट करतो.)

पत्रास निमित्त असे की, हत्यारे वाहून नेण्यासाठी योग्य पिशवी कोणती, याविषयी मी अलीकडे पुष्कळ अनुभव घेतला असून तो आप्तांच्या उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे. हे फोनवर सांगता आले असते. परंतु आमच्या घरात फोनवरील संभाषण स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाते, आणि दीपमाला आपली कन्या असली तरी नवनाथची पत्नी आहे. मी चौथी उत्तीर्ण आहे, तीही जुनी चौथी. पत्र लिहिण्यास मला कोणाचे साहाय्य लागत नाही.

मोशीच्या पुढे विठ्ठलाचे एक नवे मंदिर झाले आहे. त्याच्या सागवानी दाराचे काम मजकडे आहे. दोन कवाडे, प्रत्येकावर एक मोर. डावा मोर पूर्ण झाला. उजव्याचा पिसारा अर्धा आहे. मंदिर समितीचे अध्यक्ष सुरेंद्रसाहेब रावेतला राहतात व शिकलेले सज्जन आहेत. परंतु त्यांना घाई फार. चाकणला संगणकावर चालणारे यंत्र आहे, ते जेवणाच्या सुट्टीत अख्खा मोर कोरून देते, असे ते मला दर आठवड्यास ऐकवतात. (मी तो मोर पाहिला. चोच, डोळा, पिसे सर्व जागच्या जागी. मात्र तो पक्षी आहे की मोराचे शासकीय ओळखपत्र, हे ठरवणे कठीण.) उजवे कवाड एकादशीपर्यंत न झाल्यास ते यंत्राकडे जाईल, असे त्यांनी नम्रपणे सांगितले आहे.

त्यात नवनाथने घरी निराळाच ठराव मांडला. आपला जावई चाकणच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. वडिलांकडेही तो तपासणीस आलेला माल म्हणूनच पाहतो. मागील महिन्यात माझी हत्यारांची पेटी घेऊन मी जिना उतरत असता पेटी पुढे गेली व मी मागे राहिलो. कोणासही इजा झाली नाही. खालच्या मजल्यावरील तुळशीची कुंडी आधीपासून थोडी तडकलेलीच होती. तरी नवनाथने पेटी वजनकाट्यावर ठेवली आणि म्हणाला, "बाबा, तुमच्यापेक्षा ही बरी भरते. हे बघा, एका पिशवीत बसेल तेवढी हत्यारं घ्यायची, आणि स्वतःच्या हातानं बसनं न्यायची-आणायची. जमलं तर काम करा. न्हाई जमलं, तर हत्यारं माळ्यावर आन् तुमी गॅलरीत." मोटारीने सोडशील का, असे मी विचारले नाही. विचारणार नाही. गॅलरीत बसून मी काय करावे, असे मात्र विचारले, तर म्हणाला, "झाडांना पाणी." गॅलरीत झाड एकच आहे, व तेही प्लास्टिकचे.

म्हणून पिशवीचा शोध आरंभला. प्रथम नवनाथला दिवाळीत कंपनीने दिलेली लॅपटॉपची बॅग घेतली. दिसण्यास भारदस्त, ती खांद्यास लावताच रिक्षावाल्याने मला 'सर' म्हटले. परंतु लॅपटॉपास धार नसते, ही गोष्ट ती शिवणाऱ्याने गृहीत धरली होती. नाशिक फाट्याच्या पुढे गतिरोधक आला आणि अर्धा इंची पटाशी तळ फोडून शेजारच्या गृहस्थांच्या विजारीस लागली. गृहस्थ शाबूत होते. विजारीविषयी तसे म्हणता येणार नाही. कंडक्टरबाईंनी बॅग उघडून पाहिली व सर्व बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजोबा, भाजी घेऊन जायच्या वयात तलवारी घेऊन हिंडताय व्हय? उतरा खाली!" मी उतरलो. माझे उतरण्याचे ठिकाण तेच होते, असा चेहरा करून उतरलो.

दुसरी पिशवी सौ. रुक्मिणीबाईंनी स्वहस्ते शिवली, नवनाथच्या जुन्या जीन पँटची. कापड उत्तम, शिवण पक्की. एका पायात पटाश्या, दुसऱ्यात ठोकायची लाकडी मोगरी व कानशी, आणि कमरेस नाडी. दोष एवढाच की, शिवल्यानंतरही ती पँटच दिसत असे. तीत हत्यारे भरून काखेत धरली असता, एखाद्या गृहस्थाचा कमरेखालील भाग मी कोठेतरी पोहोचविण्यास निघालो आहे, असे वाटे. थांब्यावर एक लहान मूल रडू लागले. मी घरी परत आलो व ऊन फार आहे असे सांगितले. (रुक्मिणीबाईंस खरे कारण ठाऊक नाही, तरी हे पत्र मोठ्याने वाचू नये.)

तिसरी चिंचवडच्या दुकानातून, खास हत्यारांसाठी बनविलेली. तीस इतके खिसे होते की मोजता मोजता दुकानदारासच जांभई आली. परंतु ते सर्व खिसे पकड व पेचकस यांच्या मापाचे. कोरीव कामाची गोल पटाशी त्यात उभी राहीना आणि आडवी ठेवली तर पुन्हा सापडेना. एका दुपारी मोराच्या मानेपाशी लागणारी बारीक पटाशी मी अस्तमान होईपर्यंत शोधीत होतो. ती माझ्या कानावर होती, हा भाग निराळा.

अशा निराश मनःस्थितीत दर्शनासाठी आळंदीस गेलो असता वाद्यांच्या एका दुकानापुढे पखवाजाची गवसणी टांगलेली दिसली. ज्ञानदेवराव, काय वस्तू आहे ती! आत जाड गादी, बाहेर मेणकापड, खांद्यास रुंद पट्टा, बाजूस वाद्यास लावायच्या कणकेच्या डब्यासाठी कप्पा. पटाश्या फडक्यात गुंडाळून, मोगरी मधोमध ठेवून वर धारेचा दगड ठेवला, तर सर्व ऐवज देवाने मापे घेऊन दिल्यासारखा बसावा. दुकानाच्या मालकीण कस्तुराबाई यांनी विचारले, "वाद्य कुठंय, माउली? रिकामी गवसणी न्हेत न्हाईत." मी उत्तर दिले की, वाद्य घरी आहे. हे असत्य नव्हे. आपले घर व आमचे घर एक मानले (आणि विवाहात आपण स्वतः माइकवर तसे म्हणाला होतात), तर पखवाज घरी आहेच.

दुसऱ्या दिवशी ती गवसणी खांद्यास लावून मी थांब्यावर उभा राहिलो. बस आली. त्याच कंडक्टरबाई. मी मनातून उतरण्याच्या तयारीनेच चढलो. तर बाई म्हणाल्या, "या, बुवा! ए पोरांनो, उठा, बुवांना बसू द्या." दोन तरुण उठले. ज्येष्ठ नागरिकांची जागा इतके दिवस ज्येष्ठ नागरिकांस सोडून सर्वांस मिळत असे; त्या दिवशी ती मला मिळाली. एकाने माझ्या पायांस हात लावला. एका भगिनीने केळे दिले. आता मला सांगा, चालत्या बसमध्ये, भक्तिभावाने भरलेल्या लोकांपुढे, केळे अर्धे खाऊन झाल्यावर, 'यात पटाश्या आहेत' असे कोणत्या तोंडाने सांगावे? मी मौन धरले. मौन हे मोठ्या कलावंताचे लक्षण असल्याने माझी कीर्ती त्याच आठवड्यात भोसरीपर्यंत पोहोचली.

त्या बसमध्ये दत्तोबा नावाचे एक गृहस्थ रोज माझ्याशेजारी बसू लागले. ते मोशीचे मूळ रहिवासी, कंपनीत फिटर, आणि भजनी मंडळाचे प्रमुख. मोगरी धरण्याच्या सवयीने माझी बोटे रिकामी असली की मांडीवर ठक-ठक चालते, हे आपण जाणता. दत्तोबांनी तीन थांबे डोळे मिटून ते ऐकले आणि म्हणाले, "बुवा, ह्यो ताल आमी कधी ऐकला न्हाई." मीही ऐकलेला नव्हता. त्यांनी गुरूंचे नाव विचारले. मी कानाच्या पाळीस हात लावला व खिडकीबाहेर पाहिले. तेवढ्यावर त्यांचे डोळे भरून आले.

इथवर सर्व ठीक होते. पिसारा रोज बोटभर पुढे सरकत होता, नवनाथही "जमतंय की, बाबा" असे एकदा म्हणाला होता, आणि नवनाथ असे सहसा म्हणत नाही. परंतु मागील आठवड्यात कळले की दत्तोबांचे भजनी मंडळ त्याच मंदिराचे आहे. एकादशीस दाराची पूजा, आणि पूजेनंतर भजन. त्यांचा नेहमीचा वादक लेकीच्या बाळंतपणास गेला आहे. "आता तुमीच, बुवा. न्हाई म्हनू नका." मी न्हाई म्हटले नाही. होयही म्हटले नाही. ते उठून गेले तेव्हा आनंदात होते, एवढे पाहिले.

परवा मंदिरात काम करीत असता सुरेंद्रसाहेब एक भला मोठा फलक घेऊन आले व म्हणाले, "पांचाळकाका, तुमच्याकडे हातोडी आहेच, एवढं प्रवेशद्वारावर ठोकून द्या." मी तो उलगडला. त्यावर 'मृदंगमहर्षी ज्योतीरामबुवा आळंदीकर' अशी अक्षरे आणि बसमध्ये घेतलेले माझे छायाचित्र, मांडीवर गवसणी, हातात केळे. (नाव मी दत्तोबांस सांगितले होते; गाव त्यांनी गवसणीवरील दुकानाच्या शिक्क्यावरून घेतले.) कामाच्या वेळी मी भुशामुळे तोंडास पंचा बांधतो, म्हणून साहेबांनी ओळखले नाही. उलट मला म्हणाले, "फार मोठे गृहस्थ आहेत म्हणे. जरा सरळ ठोका." मी स्वतःस सरळ ठोकले. चार कोपऱ्यांस चार खिळे. काम वाकडे करणे मला जमत नाही.

नवनाथची कंपनीची बस सध्या दुसऱ्या रस्त्याने जाते, म्हणून फलक त्याच्या दृष्टीस पडलेला नाही. परंतु एकादशीस तो सहकुटुंब दार पाहण्यास येणार आहे. त्या दिवशी गवसणीतून पटाश्या निघाल्या, तर बसमधील जागा गेली, गवसणी गेली, हत्यारे माळ्यावर गेली, आणि पुढे मला मिळायचे मंदिराच्या मखराचे काम यंत्राकडे गेले. गॅलरीतील त्या झाडास पाणी घालून मी किती दिवस काढावे?

असो. आपणास काळजी वाटावी म्हणून हे लिहिलेले नाही. हत्यारांसाठी पखवाजाची गवसणी सर्वोत्तम, एवढाच या पत्राचा सारांश. विहीणबाईंस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशीस काय ते आपण जाणताच.

आपला,
ज्योतीराम पांचाळ

ता. क. दीपमालेस माहेरच्या माणसांची फार आठवण येते. (ती तसे म्हणाली नाही, मला चेहऱ्यावरून कळते.) तरी आपण एकादशीच्या आदल्या दिवशी येथे यावे. येताना पखवाज अवश्य आणावा. तो गोणीत घालून आणावा, कारण एका घरात दोन गवसण्या दिसल्यास नवनाथ तपासणी करील. आपल्या वादनासंबंधी मी पूर्वी काही बोललो असल्यास ते भातासंबंधी होते.

पुन्हा ता. क. भजनाच्या वेळी मी हातास पट्टी बांधून आपल्याशेजारी बसेन व मान डोलावीन. नवनाथ व दीपमालेस मी बाजूस घेऊन काय सांगायचे ते सांगेन. व्याह्यांची लाज राखणे म्हणजे काय, हे आपल्या कन्येस कळते. इतर लोकांत मात्र आपला परिचय 'माझे शिष्य' असा करून द्यावा लागेल. मनास लावून घेऊ नये. याबद्दल उजव्या मोराच्या पायाशी मी एक लहानसा पखवाज कोरला आहे. तो कोणाचा, हे कोणी विचारल्यास मी खरे सांगेन. यंत्रास तो सुचला नसता.

आणखी एक. कणीक पखवाजाच्या कोणत्या बाजूस लावतात, हे उलट टपाली त्वरित कळवावे. दत्तोबांनी विचारले असता मी 'दोन्ही' असे सांगून बसलो आहे, आणि मंडळाने परातभर मळण्याचे ठरविले आहे. बाकी सर्व तयारी माझी आहे.