मावशींच्या टबातला फ्लास्क

शनिवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. सोमवारी मला नोकरीत कायम करणार आहेत. तू एव्हाना अख्ख्या बिल्डिंगला सांगून मोकळी झाली असशील.

जेवण मात्र जात नाही. कुलूप लावून निघते आणि अर्ध्या जिन्यावरून तीनतीनदा परत येते.

मंगळवारी प्रयोगशाळेत अपघात झाला. आमचं काचसामान धुणाऱ्या मावशींच्या डोळ्यात आम्ल उडालं. डावा डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. साहेबांचं म्हणणं, मावशींनी फ्लास्कवरची धोक्याची पिवळी चिठ्ठी न वाचताच पाणी ओतलं. सोमवारी त्यांना कामावरून काढणार आहेत.

फ्लास्कमध्ये थोडं अॅसिटाइल क्लोराइड उरलं होतं. त्यातल्या कार्बनला क्लोरीन चिकटलेला असतो, पण नावापुरता. पाणी दिसलं की सुटलाच, आणि आम्लाची वाफ फसफसून वर येते. म्हणून उरलेलं बर्फात ठेवून थेंबाथेंबाने अल्कोहोल घालून मारायचं, म्हणजे निकामी करायचं, आणि ते होईपर्यंत फ्लास्कला पिवळी चिठ्ठी. हे मी नव्या मुलींना घसा फोडून शिकवते.

फ्लास्क माझा होता, ताई. टेबलावर जागा नव्हती, म्हणून चहाला जाताना मावशींच्या टबात ठेवला. म्हटलं, आल्यावर मारू. चिठ्ठी लावली नाही. साहेबांनी लेखी विचारलं, चिठ्ठी होती का? मी लिहिलं, होती. सही केली.

काल दवाखान्यात गेले. मावशींच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. माझा हात धरून म्हणाल्या, "चिठ्ठी असेल गं पोरी. माझंच लक्ष नसेल. तू कशाला चुकशील?" मला त्यांच्याकडे बघवेना. वेळ संपली म्हणून नर्सने उठवलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "गप्प बस, हातची नोकरी घालवशील." आणि मी गप्प बसले असते. म्हणून पत्र टाकतेय. तुला मिळेल तोवर सोमवार उलटलेला असेल, आणि मी साहेबांना खरं लिहून दिलेलं असेल. फार भीती वाटतेय. हवं तितकं रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

पहिल्यांदाच तुला न विचारता काही करणारी,
तुझी धाकटी