मिटत न्हाई अशी कोपी

बिभीषण दाजी,

ऊसतोडीवर राहायला लोखंडी कोपी बनवली, मिटवून ट्रॅक्टरवर टाकायची. आपल्या शिरूरच्या माळावर उभी केली तर वारं तिच्यात शीळ घालायला लागलं. मला वाटलं, आता उसाच्या सगळ्या फडांवर आपल्याच कोप्या चमकत्याल.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, साखरामावशी.

"मिटव की रं."

मिटंना. बिजागरीवरच वेल्डिंग मारून बसलो होतो.

"नाथा, हितंच राहायचं असतं तर ऊस तोडाया मुलूखभर कशाला फिरलो असतो?" मावशी हसली अन् उसाच्या पाचटाचीच कोपी बरी म्हणून गेली.

तुमी म्हणला होतात, धंद्याच्या आधी हात शिकव. मी ढग बघत होतो.

हे पत्र टाकत न्हाई. त्याच्या आधी मीच पोचतो. तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात निदान झाडायला तरी ठेवा.

तुमचा मेव्हणा,
नाथा